इंटरव्हलनंतरचं

दादांच्या फोनवर मेसेज आला तेव्हा मी त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसत होते. काचा स्वच्छच होत्या. पंचवीस दिवसांत तो चष्मा कुणी घातला नव्हता, तरी बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या हातात ओलं फडकं होतं आणि समोर चष्मा होता, म्हणून पुसत होते. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. तो आई लावते. पूजा आटोपली की वायर जोडते, शंभरचा आकडा दिसला की काढते, आणि आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही. फोन थरथरला, खिडकीच्या फरशीवर किंचित सरकला. पडद्यावर नाव होतं, 'निशा मॅडम पाचोड'. खाली मजकूर: "काका नमस्कार. तो पिक्चर काल पाहिला एकदाचा. शेवट तुम्ही सांगितला तसा नाहीच हो! पण खरं सांगू का, तुमचाच बरा होता. आता नव्याचं कधी सांगताय? तुमचं ऐकल्याबिगर आम्ही जात नाय." मी तो दोनदा वाचला. पायाला मुंग्या आलेल्या असताना त्यावर कुणी बोट टेकवावं, तसं झालं. बोट टेकलंय हे कळतं, पाय आपला आहे हे कळत नाही.

निशा मॅडमना दादा, माझे वडील, गेल्याचं माहीत नव्हतं. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. पाचोडला झेडपीच्या शाळेत शिकवतात आणि कधीतरी एका पिक्चरच्या इंटरव्हलला वड्याच्या गाडीपाशी दादांशी त्यांची ओळख झाली, एवढंच ठाऊक. अशा ओळखीची सत्त्याऐंशी माणसं दादांच्या यादीत होती. कंपनीतले जुने सोबती, गल्लीतले शेजारी, दातांचा डॉक्टर, कन्नडला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेला एक पोलीस. ती यादी मीच त्यांना फोनमध्ये करून दिली होती. दादांनी एकदा बोलायचं, सत्त्याऐंशी जणांना ते वेगवेगळं पोचायचं, कुणाला दुसऱ्याचा पत्ता नाही. त्यामुळे ज्यांना दादा गेल्याचं कळलं त्यांनी फोन केले, दारी आले, आणि ज्यांना कळलं नाही त्यांना कळायला काही वाटच नव्हती. मोठा पिक्चर लागला की शुक्रवारी संध्याकाळी दादा गच्चीवर जात, फोन तोंडासमोर पानाच्या डब्यासारखा आडवा धरत आणि सुरू करत. नमस्कार मंडळी. काकासाहेब बोलतोय, सिडकोहून. हीरो चालतोय. चालतोय. अजून चालतोय. आरं बाबा, कुठं जायचंय तुला, रिक्षा कर. किंवा, गाणी चार हायेत, चारही अशी येतात जसा ताट वाढल्यावर पाहुणा. किंवा, व्हिलन चांगलाय, सबंध पिक्चरात तो एकटाच जेवताना दाखवलाय, बाकीच्यांना भूक नाय. किंवा नुसतंच, आवाज लई, माझे कान तिथंच राह्यले, उद्या जाऊन घेऊन येतो. आणि दोन-तीन मिनिटं असं बोलून झाल्यावर ठरलेलं वाक्य: हा झाला इंटरव्हलपर्यंतचा. नंतरचं माझी पोरगी सांगती ते ऐका.

कारण इंटरव्हलनंतरचा पिक्चर दादा बघत नसत. कधीच नाही. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते, आणि मला ती गंमत आहे हे बाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. दादा शहरात, स्टेशनजवळच्या एमआयडीसीत कामाला होते आणि मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही लासूर स्टेशनला राहत होतो. पहिली पाळी तीनला सुटायची. कंपनीतले त्यांचे सोबती कडुबाकाका आणि ते तसेच तीनच्या खेळाला शिरायचे. इंटरव्हल झाला की दादांना उठावं लागे, कारण लासूरकडे जाणारी पॅसेंजर पाचच्या आतबाहेर असायची आणि ती चुकली तर फलाटावर रात्र. कडुबाकाका शहरातलेच, ते बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये उरलेला अर्धा ते दादांना सांगायचे. अशी अकरा वर्षं. पुढे सिडकोत घर झालं, पॅसेंजर धरायचं कारण संपलं, स्कूटर आली, पण इंटरव्हलचे दिवे लागले की दादा उठायचे. आई आणि मी आत. दादा बाहेर सायकल स्टँडच्या कठड्यावर, भजी खात. पिक्चर सुटला की स्कूटरवर मी मध्ये, आणि मी पुढे वाकून त्यांच्या कानाशी दुसरा अर्धा ओरडून सांगायचे, घराजवळचा टीव्ही सेंटरचा चौक येईपर्यंत संपवायचा असा नेम. आई मागून म्हणायची, "आर्धा पिक्चर बघून पुरा शहाणा माणूस." दादा म्हणायचे, "शेवट माणसाच्या तोंडून ऐकावा. पडद्यावर काय, कुणालाबी दिसतो."

मी कॉलेजच्या लायब्ररीत असते. बारा वर्षांपूर्वी माझा संसार आटोपून या घरी परत आले, त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ वाचलं. त्याचा माझ्या सांगण्यावर परिणाम झाला असावा. एकदा मी म्हणाले, दादा, दुसऱ्या भागात पटकथा सैल पडते. ते म्हणाले, "सैल म्हंजे? पिक्चर हाय का पायजमा?" मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कोण आला, कोण गेला, कोण कुणाला काय म्हणालं, आणि शेवटी ते हां म्हणाले. त्या हां वर माझा पुष्कळ भरवसा होता. मी सांगायचे ते चोख असायचं. हेलिकॉप्टर किती, तर दोन. हिरॉईन कुठं गेली, तर इंटरव्हलनंतर ती नाहीच. दादा ते तसंच्या तसं सत्त्याऐंशी जणांना सांगायचे आणि दातांचा डॉक्टर म्हणायचा, काकासाहेबांचा शब्द म्हणजे शब्द. जाहिरातवाले खोटं बोलतील, पेपरवाले बोलतील, काकासाहेब नाही.

हातात फोन होता आणि निशा मॅडमच्या मेसेजच्या वर, त्याच चॅटमध्ये, दादांचा शेवटचा ऑडिओ दिसत होता. चार मिनिटं बारा सेकंद. उभ्या बारीक रेघांची ओळ, कुठे उंच, कुठे बुटकी, मध्ये बराच वेळ नुसते ठिपके. तिथे ते बोलले नसणार, श्वास घेतला असणार. तारीख आणि वार बघायची गरज नव्हती. तो ऑडिओ मी लावलेला नाही. त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. त्यात मी सांगितलेला शेवट होता, आणि तो खोटा होता.

झालं असं, की तो पिक्चर लागला त्या शुक्रवारी दादा आणि कडुबाकाका बाराच्या खेळाला गेले. इंटरव्हलला दादा नेहमीसारखे उठले, बाहेर आले आणि सरकत्या जिन्यापाशी खाली बसले. कडुबाकाका पॉपकॉर्नच्या रांगेत होते म्हणून त्यांना दिसले. रिक्षात घालून त्यांनी दादांना दवाखान्यात आणलं. म्हणजे या वेळी काकांचाही दुसरा अर्धा राहिला. मी पोचले तेव्हा दादांच्या नाकात नळी होती आणि ते मला पहिला अर्धा सांगत होते. हीरो बंदरावर क्रेन चालवतो. त्याच्या भावाला एका बड्या माणसानं मारलंय. पंधरा वर्षं तो माणूस शोधतो, आणि इंटरव्हलला त्याच्या बंगल्याच्या लोखंडी गेटवर हात ठेवतो. "गेट एवढं मोठं," दादा हात पसरायला गेले आणि सलाईनची सुई हलली, "एवढं मोठं की वाटतं आत गाव हाय." नर्स म्हणाली, बाबा, बोलू नका. दादा म्हणाले, "बोलत नाय, पिक्चर सांगतोय."

मी दादांच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर शुक्रवार ते बुधवार बसले. निळी प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक पाय आखूड. त्या दिवसांतलं मला खुर्चीचंच आठवतं जास्त. बुधवारी दुपारी दादा म्हणाले, "दीपा, गेटच्या पुढं काय झालं ते राह्यलं. जा, बघून ये." मी म्हणाले, आता काय पिक्चर. ते म्हणाले, "आता न्हाय तर कवा? लोकं वाट बघायलेत. तीनचा खेळ हाय. आई बसती इथं." आईनेही जा म्हणून मान हलवली. मी खाली आले, रिक्षा केली आणि रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारल्यावर माझ्या तोंडून स्टँड असं आलं. मध्यवर्ती बसस्टँडवर कन्नडच्या फलाटासमोर सिमेंटच्या बाकावर मी अडीच तास बसले. बस लागत होत्या, भरत होत्या, सुटत होत्या. एक केळं घेतलं आणि हातात धरून ठेवलं. त्या थंड अंधारात जाऊन बसणं आणि दोन तास कुणाचा तरी सूड बघणं मला जमणार नव्हतं, हे मी स्वतःला तिथे बसल्यावर सांगितलं. आधी सुचलं नव्हतं. परत जाताना रिक्षात शेवट तयार केला. तो करायला वेळ लागला नाही, याचं मला नंतर वाईट वाटलं.

दादांना मी सांगितलं, गेट उघडतं. आत मोठं अंगण, कुणी नाही. व्हिलन म्हातारा झालाय, एकटा जेवायला बसलाय. त्याला आता कुणी ओळखू येत नाही. तो हीरोला म्हणतो, बस, जेवून घे. हीरो बसतो. वाढलेलं ताट बघतो. जेवत नाही, पण उठून मारतही नाही. मग बाहेर पडतो, स्टेशनवर येतो आणि गावाकडे जाणाऱ्या गाडीत बसतो. दादा डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "हाणामारी?" मी म्हणाले, आहे ना. "किती माणसं?" दहा-बारा. "एवढ्या मोठ्या पिक्चरात दहा-बारा?" मी म्हणाले, पंधरा असतील. "हेलिकॉप्टर?" नाही. नळीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मग दादा म्हणाले, "हां. बरंय." आणि म्हणाले, "फोन दे, आणि जरा चहा पिऊन ये खाली." मी चहा पिऊन वर आले तेव्हा ऑडिओ गेलेला होता. शनिवारी सकाळी ते गेले. अकरा वर्षं लासूरच्या गाडीसाठी आणि तीस वर्षं सवयीनं ज्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यांच्या तोंडून शेवटचं मत मी खोटं वदवलं होतं. इतर काही मनात उमटत नव्हतं या पंचवीस दिवसांत. रडू आलं नव्हतं. पिंडाला कावळा शिवला तेव्हा सगळे हलले आणि मी कावळ्याची चोच बघत होते. पण हे एवढं मात्र नखाखालच्या कुसळासारखं होतं, हात कुठेही ठेवला तरी लागत होतं.

आणि आता निशा मॅडमला कळलं होतं. म्हणजे आणखीही कुणाकुणाला कळलंच असणार. माणसं चांगली, म्हणून कुणी बोललं नसेल. म्हाताऱ्या माणसाचं चालायचंच, असं म्हणून सोडून दिलं असेल. मी चष्मा डबीत ठेवला. आईला सांगितलं, जाऊन येते. "लायब्ररीत?" नाही, पिक्चरला. आई गवार मोडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा शेंगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "मफलर घे. तिथं लई गार असतं."

पाचवा आठवडा चालू होता आणि दिवसाला एकच खेळ उरला होता, दुपारचा. आरशाच्या भिंतींची ती इमारत, आत दिवसा लावलेले दिवे, कुठल्याशा गोड लोण्याचा वास. तिकीट घेतलं आणि आत न जाता बाहेरच्या गादीच्या बाकावर बसले. सरकता जिना समोरच होता. दादा कुठे बसले असतील ते मी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल. जिन्याच्या पायऱ्या वर येत, सपाट होत आणि फटीत जात. आतून धडधड ऐकू येत होती, भिंतीपलीकडे कुणी कपाट सरकवत असावं तशी. तिकीट फाडणारी बाई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "ताई, पिक्चर सुरू होऊन तास झाला. जा की." मी म्हणाले, इंटरव्हलनंतर जाणार आहे. "अर्धाच बघणार?" हो, पहिला ऐकलाय. तिनं मान तिरकी करून मला नीट पाहिलं. "एक काका यायचे. ते बरोब्बर उलटं करायचे. इंटरव्हलला निघायचे. आम्ही म्हणायचो, काका, जीव रंगत नाय का? तर म्हणायचे, रंगतो म्हणून तर उठतो." मी हं म्हणाले. मला आणखी काही म्हणता आलं असतं. दिवे लागले, माणसं बाहेर आली, आणि मी आत गेले.

गेट उघडलं. आत गाव नव्हतं, माणसं होती. काळे कपडे घातलेली, मोजता न येणारी. हीरोच्या हातात क्रेनचा आकडा होता आणि साखळी. पुढची चाळीस मिनिटं तो आकडा फिरत राहिला. माणसं उडत, काचांवर पडत, पाण्यात पडत, एक माणूस तुळशीवृंदावनावर पडला. मी हे सगळं नीट बघत होते, सांगायचं असल्यासारखं. दोन हेलिकॉप्टर. हिरॉईन एकदा फोनवर. व्हिलन म्हातारा नव्हता. तो अंगाला तेल लावून बसला होता आणि त्याला सगळ्यांची नावं तोंडपाठ होती. हीरोनं त्याला जाळला. पुढच्या रांगेत एक कुटुंब बसलं होतं, त्यातल्या बाईनं मागे वळून मला विचारलं, "मेला का खरंच? की परत उठतोय?" मी म्हणाले, माहीत नाही, पहिल्यांदाच बघतेय. ती म्हणाली, "उठतोय बघा. एवढा मोठा ॲक्टर घेतलाय, असा कसा मरंल." आणि खरोखर राखेतून एक बोट हललं, पडदा काळा झाला आणि पुढल्या वर्षी भेटू अशी अक्षरं आली. दिवे लागले. म्हणजे शेवट नव्हताच. गेल्या दोन-तीन वर्षांत बहुतेक मोठे पिक्चर असेच थांबतात, संपत नाहीत. दादांना याचा राग यायचा. "हे काय लावलंय," ते म्हणायचे, "जेवायला बोलावायचं अन् अर्ध्या ताटावरनं उठवून म्हणायचं, राह्यलेलं पुढल्या दिवाळीला."

जिन्यावर माझ्यापुढे दोन मुली उतरत होत्या. एक म्हणाली, "सेकंड हाफ जरा स्लोच होता, ना?" दुसरी म्हणाली, "स्लो? अगं, तीनशे माणसं मेली!" "हो, पण बोअर मेली." मला वाटलं हे दादांना सांगायला हवं. हे वाटलं आणि पायरी संपली, आणि सपाट जमिनीवर पाय टाकताना मी थोडी अडखळले. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर ऊन होतं. जालना रोडवर नव्या पिक्चरचं होर्डिंग लावत होते. हीरोचं डोकं वर चढलं होतं, धड अजून खाली दोरीवर लोंबत होतं. मी रिक्षा केली नाही. चालत आले.

घरी कडुबाकाका आले होते. दर बुधवारी येतात, पिशवीत काहीतरी असतं, आज शेवगा होता. ते दादांच्या खुर्चीवर बसत नाहीत. समोरच्या दिवाणावर, टेकायचं नाही असं ठरवल्यासारखे ताठ बसतात. आईनं मला चहा दिला. काका म्हणाले, "कुठं गेलतीस गं उन्हाचं?" मी म्हणाले, पिक्चरला. "कोणच्या?" मी सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला. मी विचारलं, "काका, तुम्ही पाहिला पुढचा?" ते म्हणाले, "पाह्यला की. तवाच. तुझा बाप दवाखान्यात अन् माझा जीव गेटापाशी आडकलेला. मंगळवारी गेलतो. गुपचूप गेलतो, बरं दिसतंय का ते." मंगळवारी कधी, मी विचारलं. "अगं ज्या मंगळवारी तू तिथं खुर्चीवर होतीस. बुधवारी सकाळी डबा घेऊन आलो, तू खाली औषध आणायला गेलतीस, तवा सांगितला की काकासाहेबाला समदा. साखळी, हेलिकॉप्टर, ते राखेतलं बोट. म्हणला, ह्यॅ, शेवटच नाय. तेवढंच म्हणला."

चहावर साय धरायला लागली होती. मी ती बोटाने बाजूला केली. बुधवारी सकाळी, मी म्हणाले. मग दुपारी मला कशाला धाडलं. कडुबाकाकांनी आईकडे पाहिलं. आईनं पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "पाच दिवस तू उठंना खुर्चीवरनं. ना आंघोळ, ना झोप. घरी जा म्हणलं तर जाईनास. ह्यांनी म्हणलं, घरी जा म्हणलं तर ती जायची नाय, पिक्चरला जा म्हणलं तर जाईल." मी म्हणाले, मी गेलेच नव्हते. "म्हाईत हाय," आई म्हणाली. "तू सांगायला लागलीस तवाच कळलं. हेलिकॉप्टर नाय म्हणलीस ना. तू खाली गेलीस तर हे हसायला लागले. खोकला लागला हसून. मी म्हणलं, आता लोकायला काय सांगताल? तर म्हणले, पोरीनं सांगितलं तेच. आजवर तेच सांगितलं, आज काय नवं."

बाहेर भंगारवाल्याची गाडी तेच तेच वाक्य बोलत गल्लीतून गेली. मला लासूरचं घर आठवत होतं, म्हणजे त्याचा ओटा, आणि ओट्यावरून दिसणारा सिग्नल. संध्याकाळी पॅसेंजर आली की मी फलाटावर जायचे. दादा उतरायचे, आणि पिक्चर पाहिलेला दिवस असला की तिथूनच पहिला अर्धा सुरू. रूळ ओलांडताना हीरो गरीब असायचा, पाण्याच्या टाकीपाशी त्याला कुणीतरी फसवायचं, आणि घराच्या पायरीशी दादा थांबायचे. मग पुढं? मी विचारायचे. दादा म्हणायचे, "पुढं गाडीची वेळ झाली. आता तू सांग." आणि मी सांगायचे. जेवताना, हात वाळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते कडुबाकाकांचा खरा शेवट ऐकून यायचे आणि म्हणायचे, "कडुबाचा असाय. पण तुझाच बरा होता." हे मी विसरले होते असं नाही. इतक्या वर्षांत त्याचा काही उपयोग पडला नव्हता. सिडकोत आल्यावर मी खरे शेवट बघायला लागले आणि खरे सांगायला लागले.

"लाव," आई म्हणाली. काय, मी विचारलं. "ते. फोनमधलं. मी रोज चार्ज करती, मला लावता येत नाय." मी खिडकीतून फोन आणला, तिघांच्या मध्ये टीपॉयवर ठेवला आणि ऑडिओ लावला. आधी बुडबुडे ऐकू आले. मग दुरून एक ट्रॉली गेली. मग, नमस्कार मंडळी. काकासाहेब बोलतोय. आज सिडकोहून नाय, जरा बाहेरगावी हाय. कडुबाकाकांनी मान खाली घातली. दादा दमून, थांबत थांबत पहिला अर्धा सांगत होते; क्रेन, भाऊ, गेट. गेट एवढं मोठं की वाटतं आत गाव हाय. हा झाला इंटरव्हलपर्यंतचा. नंतरचं माझी पोरगी सांगती ते ऐका. मग माझं सगळं आलं, माझ्याच क्रमानं. म्हातारा व्हिलन, ताट, बस, जेवून घे. हाणामारी बेताची, पंधराएक माणसं. हीरो स्टेशनवर येतो, गाडीत बसतो. इथे मी थांबले होते. ऑडिओत अजून बरीच रेघ उरली होती. ठिपक्यांची ओळ गेली, श्वास गेला. मग दादा म्हणाले, "आता नीट ऐका, हितं खरी मजा हाय. गाडी लासूरला थांबती. दिवस मावळायला आलेला. फलाटावर एक पोरगी उभी. आठ-नऊ वर्सांची, हिरवा फ्रॉक. हीरो उतरतो. ती इचारती, मग पुढं? हीरो म्हणतो, माझी गाडीची वेळ झाली, आता तू सांग. अन् ती सांगायला लागती. आपल्याला ऐकू येत नाय, निस्ते तिचे ओठ हालतेत. गाडी निघून जाती. पडदा." थोडं थांबून, नेहमीच्या आवाजात: "चांगला पिक्चर हाय. जाऊन या. लेकरं न्या." आणि टक् करून संपलं.

पडद्यावर रेघा पुन्हा पहिल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. आई त्यांच्याकडे बघत होती. "हिरवा नव्हता," ती म्हणाली, "निळा होता. मी शिवलेला." कडुबाकाका म्हणाले, "हिरवाच असंल वहिनी. तो म्हणतोय तर." "तुम्ही बघितला का कडुबाभाऊ? तुम्ही हितं शेवट बघत बसायचे. निळा होता, त्याला पांढरी झालर होती." मला तो फ्रॉक आठवत नव्हता. नाक वाहत होतं आणि ते पदराने पुसावं की रुमालाने हे सुचत नव्हतं, म्हणून हातानेच पुसलं, आणि हात ओला झालेला मला कळला, गरम आणि माझाच.

मग मी फोन उचलला, दादांची यादी उघडली आणि माइकच्या खुणेवर अंगठा दाबून धरला. सेकंद पळायला लागले. तीन, चार, पाच. नमस्कार मंडळी, मी म्हणाले. दीपमाला बोलतेय. काकासाहेबांची मुलगी, सिडकोहून. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, साधं, दोन शब्दांचं, पंचवीस दिवसांत मी ते कुणालाच म्हटलं नव्हतं; लोकच म्हणत आले होते. समोरून आई म्हणाली, "जोरात बोल. पाचोडपर्यंत जायचंय."